अतिनील मारा तोच, तरी जगणाऱ्या पेशींचा आकडा दर वेळी वेगळा: दिवा बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. ई. कोलाय या जिवाणूचा तोच स्ट्रेन (वाण), तोच २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, डिश आणि दिवा यांतलं अंतर पट्टीने मोजलेलं, वेळ स्टॉपवॉचवर. सोमवारी हजारात एक पेशी जगते, गुरुवारी शंभरात दोन, शुक्रवारी पुन्हा हजारात एक. कॉलनी मोजणारा आधी स्वतःच्या पिपेटवर संशय घेतो, मग शेजाऱ्याच्या पिपेटवर, आणि शेवटी सगळे मिळून दिव्यावर घसरतात. नवा दिवा येतो. काही दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

या फेऱ्यातून मी गेलो आहे, आणि दिवाही बदलून पाहिला आहे. दोष दिव्याखाली नव्हताच. प्लेट दिव्याखालून निघाल्यावर इन्क्युबेटरमध्ये जाईपर्यंत बाकावर पडून असायच्या, आणि बाक खिडकीला लागून होता. ढगाळ दिवशी एक आकडा, लख्ख उन्हाच्या दिवशी दुसरा. आम्ही वहीत तापमान लिहीत होतो, बफरचा पीएच लिहीत होतो. आभाळ कसं होतं हे कोण लिहितं? आणि गोम तिथेच होती: अतिनीलाने डीएनएला झालेली इजा हे जिवाणू साध्या उजेडाच्या मदतीने दुरुस्त करून घेतात.

आधी सरळ कारणं उरकून घ्या

ही पाच मिनिटांत तपासून होतात, म्हणून पटकन सांगतो. दिवा लावल्या लावल्या मारा सुरू करू नका. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याला स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पेट्री डिशचं झाकण काढलंय ना? पॉलिस्टायरीन आणि साधी काच, दोन्ही २५४ नॅनोमीटर अडवतात. पेशी एलबी माध्यमात, म्हणजे ज्यात त्या वाढवतो त्याच द्रावणात, ठेवून मारा करत असाल तर ते माध्यमच बराचसा अतिनील पिऊन टाकतं; पेशी धुऊन बफरमध्ये घ्या, थर पातळ ठेवा, हलवत राहा. द्रावण डोळ्यांना दुधाळ दिसत असेल तर वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात. शक्य असेल तर मीटर ठेवून डोस मोजा, कारण दिवा जुना होतो तसा मंदावतो हेही खरंच आहे.

हे सगळं ठीक असूनही आकडे नाचत असतील तर पुढे वाचा.

फॉइलची चाचणी

एकाच माऱ्यातून, एकाच डायल्यूशनमधून प्लेट ओता आणि त्यांचे तीन गट करा. पहिला गट ओतताक्षणी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून थेट इन्क्युबेटरमध्ये. दुसरा गटही फॉइलमध्येच, पण अर्धा तास बाकावर. तिसरा गट उघडा, त्याच बाकावर, तेवढाच अर्धा तास. ही तिन्ही कामं मंद पिवळ्या प्रकाशात करा. खोलीचे दिवे लावून फॉइल गुंडाळलं तर चाचणीला काही अर्थ राहत नाही, कारण ज्याची चाचणी घ्यायची तो पाहुणा तोवर घरात येऊन बसलेला असतो.

मधला गट बहुतेक जण गाळतात. तोच गाळू नका. उपाशी बफरमध्ये किंवा थंड बाकावर नुसतं थांबल्यानेही काही स्ट्रेन अंधारातच सावरतात, कारण वाढ सुरू होण्याआधी दुरुस्तीला जास्त वेळ मिळतो. पहिला आणि दुसरा गट वेगळे पडले तर तुमचा प्रश्न थांबण्याच्या वेळेचा आहे. दुसरा आणि तिसरा वेगळे पडले तर तो प्रकाशाचा आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेकदा हेच निघतं. टेबललॅम्प वापरत असाल तर तो तापतोही. म्हणून फॉइलवाली प्लेट त्याच दिव्याखाली, तितक्याच अंतरावर ठेवा.

मारा न केलेल्या पेशींवरही हाच प्रयोग एकदा करा. तिथे प्रकाशाने आकडा वाढता कामा नये. तिथेही वाढला तर ती दुरुस्ती नाही. तुमच्या प्लेटमध्ये वेगळीच काही भानगड आहे.

दिव्यावर आळ का येतो

यात एक गंमत आहे, आणि तीच आपल्याला चकवते. १९४९ साली नोविक आणि झिलार्ड यांनी दाखवलं की माऱ्यानंतर भरपूर प्रकाश दिला तर जगण्याचा आलेख असा दिसतो जणू अतिनील डोसच एका ठरावीक प्रमाणात कमी दिला होता. उजेडातल्या आलेखाचा डोसाचा अक्ष योग्य त्या एकाच आकड्याने आखडला की तो अंधारातल्या आलेखावर जाऊन बसतो. म्हणजे उजेडात ठेवलेली प्लेट आणि अशक्त दिव्याखालची प्लेट कागदावर सारख्याच दिसतात. नुसत्या आलेखाकडे बघून दोघांत फरक करता येत नाही. म्हणून दिवा बदलला जातो, म्हणून तो बदलूनही काही होत नाही, आणि मीटर मात्र डोस बरोबर असल्याचं सांगत राहतं. मीटर बरोबर आणि आलेख अशक्त दिव्याचा, ही जोडी दिसली की सरळ फॉइल काढा.

उजेडात नेमकं काय घडतं

अतिनील किरण डीएनएमधल्या शेजारशेजारच्या दोन पिरिमिडीनना, बहुतेकदा दोन थायमीनना, एकमेकांना चिकटवतात. चार कार्बनांची एक चौकट तयार होते. तिला आपण डायमर म्हणतो. नक्कल करणारा पॉलिमरेज तिथे अडखळतो. २५४ नॅनोमीटरच्या माऱ्यात होणाऱ्या अशा जखमांपैकी साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश या प्रकारच्या असतात. उरलेल्या बहुतेक ६-४ प्रकारच्या, ज्यांत बंध वेगळ्या जागी जुळतो. या दुसऱ्या प्रकाराकडे नंतर येऊ.

फोटोलायेज हे एन्झाइम डायमर शोधतं आणि त्याला धरून बसतं. शोधायला आणि धरायला उजेड लागत नाही, हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, खालचे निम्मे उपाय त्यावरच उभे आहेत. धरताना ते डायमरला डीएनएच्या जिन्यातून बाहेर वळवून आपल्या खोबणीत ओढून घेतं. खोबणीच्या तळाशी फ्लेविन असतं, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा एफएडी हा रेणू, आणि तोही पूर्ण क्षपित, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या रूपात. याशिवाय ई. कोलायच्या एन्झाइमवर फोलेट जातीचा एक रेणू अँटेनासारखा बसवलेला असतो. तो ३८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गोळा करतो आणि ती ऊर्जा फ्लेविनकडे पोचवतो. उत्तेजित फ्लेविन डायमरला एक इलेक्ट्रॉन उसना देतं, चौकटीचे दोन बंध तुटतात, दोन्ही थायमीन मोकळे होतात आणि इलेक्ट्रॉन फ्लेविनकडे परत येतो. प्रकाश पोचल्यापासून हा सगळा व्यवहार सुमारे एका नॅनोसेकंदात आटोपतो. काही कापलं जात नाही, नवं काही शिवलं जात नाही. अंधारातली दुरुस्ती, म्हणजे यूव्हीआर प्रथिनांची, ई. कोलायमध्ये बारा-तेरा न्यूक्लिओटाइडांचा तुकडाच कापून काढते आणि तो भरून घेते. तिच्या मानाने हे फारच काटकसरीचं काम.

आता थोडा हिशेब, कारण आकडे का नाचतात ते त्यातूनच कळतं. ई. कोलायच्या एका पेशीत फोटोलायेजचे रेणू असतात जेमतेम १० ते २०. दर चौरस मीटरला १ ज्यूल इतक्या माऱ्यात एका गुणसूत्रावर साधारण साठेक डायमर पडतात. १० ज्यूल दिलेत तर सहाशेच्या घरात. म्हणजे एकेका रेणूला तीस-साठ डायमर निस्तरायचे आहेत. उजेडाची पायरी क्षणाची, पण एक सोडून पुढचा शोधण्याची पायरी रेंगाळणारी. क्लॉड रूपर्ट आणि हार्म दांपत्य यांनी १९६०च्या दशकात फ्लॅशचा एकच झोत टाकून हे फार सुंदर दाखवलं होतं: तो लख्ख झोत तेवढेच डायमर उलगडतो जेवढे त्या क्षणी एन्झाइमच्या मुठीत असतात. पेशीतल्या रेणूंची गणती झाली ती याच युक्तीने.

यावरून दोन गोष्टी निघतात. जोरदार मारा केलेल्या धट्ट्याकट्ट्या स्ट्रेनला इन्क्युबेटरचं दार क्षणभर उघडल्याने फारसा फरक पडत नाही. सहाशेतले पंधरा गेले, एवढंच. पण यूव्हीआर-ए आणि रेक-ए ही अंधारातल्या दुरुस्तीची दोन्ही जनुकं गमावलेला स्ट्रेन एखाद-दुसऱ्या डायमरनेही मरतो. त्याला डोस ज्यूलच्या अंशात देतात आणि डायमरही मोजकेच पडतात. तिथे दाराची एक उघडझाप सगळा निकाल फिरवू शकते. तुमचे आकडे दुरुस्ती-दुबळ्या स्ट्रेनमध्येच जास्त नाचत असतील तर त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट: एकूण प्रकाश सारखा असला तरी परिणाम सारखा होईल असं नाही. तेवढाच प्रकाश एका दणक्यात आणि तेवढाच अर्ध्या तासात पसरून, यांत दुसरा कितीतरी जास्त डायमर निस्तरतो, कारण रेणूला पुढच्या डायमरपर्यंत पोचायला सवड मिळते. म्हणून "थोडाच वेळ, पण प्रखर दिव्याखाली ठेवलं" आणि "मंद उजेडात बराच वेळ राहिलं" यांत मंद उजेड जास्त खोडसाळ.

हा घोळ नवा नाही

आल्बर्ट केल्नर अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूच्या बीजाणूंवर अतिनील मारा करत होते. माऱ्यानंतर पेशी कशाने सावरतात याचा शोध चालू होता आणि संशय तापमानावर होता. पण एकाच तापमानाला ठेवलेले नमुनेसुद्धा जुळेनात. पाण्याचा पारदर्शक बाथ खिडकीजवळच्या टेबलावर होता. शेवटी त्यांनी उजेडाकडे पाहिलं आणि जगणाऱ्यांचा आकडा लाखो पटींनी वाढलेला निघाला. निबंध १९४९ चा. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात, लुरियांच्या प्रयोगशाळेत, रेनातो डुलबेको यांना फ्लुरोसंट दिव्याखाली राहिलेल्या प्लेटमध्ये फाजचे (जिवाणूंत शिरणाऱ्या विषाणूंचे) जास्त प्लाक, म्हणजे फाजने जिवाणू मारून पाडलेले स्वच्छ ठिपके, दिसले. केल्नरांच्या जागी आपण असतो तर थर्मोस्टॅट बदलून मोकळे झालो असतो, असं मला नेहमी वाटतं.

उपाय

मुख्य उपाय कंटाळवाणा आहे: माऱ्यापासून पहिल्या वाढीपर्यंतचं सगळं पिवळ्या प्रकाशात करा. ई. कोलायचं एन्झाइम ५०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून पिवळा किंवा सोनेरी फिल्टर लावलेला दिवा चालतो. फिल्टर नुसता डोळ्यांना पिवळा दिसून भागत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये धरून बघा, ३५० ते ४८० मध्ये तो खरोखर बंद आहे का. रंगीत जिलेटिनचे काही कागद जांभळ्या टोकाला चक्क उघडे असतात.

झाकणाच्या भरवशावर राहू नका. जे पॉलिस्टायरीन २५४ अडवतं तेच ३८० ला सुखेनैव आत सोडतं. खिडकीच्या काचेचंही तसंच. मारणारा किरण बाहेर राहतो आणि दुरुस्त करणारा आत येतो.

प्लेटची चवड करत असाल तर वरची प्लेट आणि खालची प्लेट यांचे आकडे वेगळे लिहून ठेवा. वरची नेहमी जास्त देत असेल तर निदान तिथेच झालं. काचेच्या दाराचा इन्क्युबेटर असेल तर दार आतून झाका. मोजणी मात्र खुशाल उजेडात करा. कॉलनी दिसू लागल्यावर प्रकाशाने काही बदलत नाही.

खोलीतल्या ट्यूबलाइट काढून पांढरे एलईडी बसवले आणि आकडे बदलले, अशीही तक्रार येऊ शकते. फ्लुरोसंट नळीत पाऱ्याच्या ३६५, ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या रेषा असतात. साध्या पांढऱ्या एलईडीचा निळा उंचवटा ४५० च्या आसपास असतो आणि ४०० च्या खाली जवळपास काही नसतं. ई. कोलायसाठी हा बदल मोठा. पण ज्यांचा अँटेना फोलेटऐवजी डिअॅझाफ्लेविन जातीचा आहे, उदाहरणार्थ काही सायनोबॅक्टेरिया, ते ४४० च्या आसपासच प्रकाश पितात. त्यांना एलईडी चांगलाच मानवतो.

फोटोलायेज नसलेला, म्हणजे पीएचआर जनुक गमावलेला स्ट्रेन जोडीला ठेवलात तर उत्तमच. उजेडात जंगली, म्हणजे जनुक शाबूत असलेला मूळ, स्ट्रेन सावरला आणि हा नाही सावरला की शंका मिटली. फक्त एक खाच आहे. अंधारातही हे दोन स्ट्रेन अगदी तंतोतंत सारखे वागतील अशी अपेक्षा धरू नका. फोटोलायेज उजेडाशिवाय डायमरला धरून बसतं तेव्हा ते यूव्हीआर प्रथिनांना कापायला मदत करतं, त्यामुळे त्याच्याविना अंधारातली दुरुस्तीही जरा मंदावते. हा फरक पाहून पुन्हा पिपेटवर संशय घेऊ नका.

भरपूर उजेड देऊनही पूर्ण सावरत नाही?

सावरणार नाहीच. ६-४ प्रकारच्या जखमांना ई. कोलायचं फोटोलायेज हात लावत नाही. त्यांच्यासाठी वेगळं एन्झाइम असतं. ते १९९३ साली फळमाशीत सापडलं, आणि ई. कोलायकडे ते नाही. उजेडातला आलेख अंधारातल्याच्या वर जातो, पण मारा न केलेल्या पेशींपर्यंत पोचत नाही, हे अगदी अपेक्षित आहे. उलट उजेड वाढवत नेला आणि आकडा पुन्हा खाली यायला लागला तर तुम्ही अति करताय. जवळच्या अतिनीलाचा प्रखर झोत स्वतःच पेशींना इजा करतो आणि वाढ लांबवतो.

फाजवर काम करत असाल तर उजेड केव्हा दिला ते पाहा. मोकळ्या फाजकडे हे एन्झाइम नसतं. त्याला जिवाणूत शिरू द्या, मग उजेड द्या. नुसत्या फाजच्या द्रावणावर दिवसभर दिवा धरला तरी एक प्लाक वाढायचा नाही. हीमोफिलस इन्फ्लुएन्झाकडेही ते नाही. रूपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये नेमका याचाच फायदा घेतला होता: हीमोफिलसच्या डीएनएवर ई. कोलायचा अर्क घातला, उजेड दिला, आणि दुरुस्ती पेशीबाहेर परीक्षानळीत झाली. ज्याच्याकडे स्वतःचं एन्झाइम नाही त्याच्या डीएनएवर दुसऱ्याचं काम स्वच्छ दिसतं. आपल्या प्रयोगातही नियंत्रण निवडताना ही युक्ती कामाची आहे. याच रूपर्ट यांच्याकडे पुढे अझीझ संजार यांनी फोटोलायेजचं जनुक वेगळं काढलं. डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासोबत मिळालं.

शुद्ध केलेलं एन्झाइम काम करत नाही

ही वेगळीच तक्रार, पण तिचे प्रश्न माझ्याकडे याच धाग्यात येतात. प्रथिन शुद्ध केलं, जेलवर एकच ठळक पट्टी, उजेडही दिला, आणि दुरुस्ती शून्याच्या जवळ. आधी नळीचा रंग बघा. निळा आहे ना? ई. कोलायचं फोटोलायेज शुद्ध करताना हवेशी संबंध येऊन फ्लेविन एक इलेक्ट्रॉन गमावतं आणि निळ्या रॅडिकल रूपात अडकतं. या रूपाकडे डायमरला उसना द्यायला इलेक्ट्रॉन नसतो. पिवळं झालं असेल तर ते आणखी एक पायरी मागे गेलंय. पेशीत असताना ते पूर्ण क्षपित असतं, म्हणून पेशीतले प्रयोग नीट चालतात आणि नळीत मात्र ते हटून बसतं.

उपाय असा: बफरमध्ये डीटीटी हे क्षपण करणारं रसायन घाला, नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून ऑक्सिजन हाकला, आणि डीएनए घालण्याआधी प्रकाश द्या. प्रकाशाने फ्लेविन शेजारच्या ट्रिप्टोफॅनकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं, निळा रंग उतरतो, आणि एन्झाइम कामाला लागतं. यासाठी पिवळा प्रकाश वापरलात तर बरं, कारण निळं रूप ५०० च्या पलीकडेही शोषतं आणि अँटेनाचा फोलेट वाचतो. जांभळ्या-निळ्या प्रखर प्रकाशात तो फोलेट हळूहळू तुटतो. शिवाय जनुक जोरात चालवून भरमसाट प्रथिन काढलं तर बऱ्याच रेणूंवर फोलेट बसलेलाच नसतो. अशा एन्झाइमचं काम अडत नाही, फक्त प्रकाश गोळा करण्यात ते कितीतरी मागे पडतं. तेवढा जास्त वेळ दिवा चालू ठेवा.

माणसाच्या पेशी वापरणाऱ्यांनी मात्र उजेडाच्या नादी लागू नये. अपरा असलेल्या सस्तन प्राण्यांकडे फोटोलायेज नाही. कांगारूंसारख्या शिशुधानी प्राण्यांकडे आहे. आपल्याकडे त्याचे नातेवाईक क्रिप्टोक्रोम उरलेत, पण ते शरीराच्या घड्याळाचं काम बघतात, डायमर उलगडत नाहीत. आपल्या पेशींत डायमर काढायचं काम तुकडा कापणाऱ्या दुरुस्तीलाच करावं लागतं. म्हणून मानवी पेशींच्या प्लेट उजेडात ठेवून आकडा वाढलेला दिसला तर मीडियम, तापमान किंवा थांबण्याचा वेळ तपासा. आणि त्या पेशींत बाहेरून फोटोलायेजचं जनुक घातलेलं असेल, तर पुन्हा वर जाऊन फॉइलच्या चाचणीपासून सुरुवात करा.